गार्डमामांची अवस-पुनव

गार्डमामा चालायचे पुढं आणि बघायचे मागं. नवख्या माणसाला वाटायचं, यांच्या पाठीमागं कुणी लागलंय की काय. थोडं चालले की थांबायचे, अर्धं अंग वळवून मागचा रस्ता नीट न्याहाळायचे आणि मगच पाऊल उचलायचे. बैलगाडीत बसले तरी तोंड मागच्या बाजूला. एसटीत तर शेवटचं बाकडं धरायचे, जिथं बसलं की हाडं खिळखिळी होतात. मी एकदा विचारलं, "मामा, मागं एवढं काय ठेवलंय?" तर म्हणाले, "डायवर फुडं बघतो, त्याला त्याचा पगार हाय. मागं काय सुटलं, काय पडलं, ते बघायचा पगार मी खाल्लाय. आता पगार थांबला, पर मान ऐकत न्हाई." एवढं बोलून त्यांनी पुन्हा एकदा मागं बघून घेतलं.

आमचं गाव कासुर्डीच्या शेजारचं, सोलापूर रस्त्यापासून थोडं आत. तिथं माझी पिठाची गिरणी होती. गिरणीवाल्याला आवाज चढवूनच बोलायची सवय लागते, तेव्हा माझं सांगणं कुणाला भांडल्यासारखं वाटलं तर वाटू द्या. मामांची नोकरी दौंडला, रेल्वेत गार्डाची. आधी मालगाडीवर, मग पॅसेंजरवर. बिऱ्हाड रेल्वे कॉलनीत. घरात ते आणि मामी, दोघंच, मूलबाळ नाही. लग्नकार्याला दोघं गावात यायची तेव्हा मामा भेटेल त्याला 'जयभीम' घालायचे. समोरचा 'रामराम' म्हणाला तरी त्यांचं काही बिघडायचं नाही. "पोचला न्हवं सिग्नल? झालं मंग," म्हणायचे. माझं त्यांचं नातं काही नाही. सगळं गावच त्यांना मामा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचो.

आता गावाच्या अंगानं एक ओढा जातो आणि त्या ओढ्यावर रेल्वेचा पूल आहे. नोकरीची सगळी वर्षं मामा त्या पुलावरून गेले, शेवटच्या डब्यात उभं राहून. पुढच्या डब्यातल्या माणसाला ओढा दिसतो न दिसतो तोच जातो. शेवटच्या डब्यातून मागं बघणाऱ्याला मात्र तो लांबवर दिसत राहतो. त्यांनी पाहिलेला ओढा म्हणजे दोन्ही काठांना करंज आणि उंबर, मधूनमधून शिंदी, खाली निरगुडीची दाटी आणि पाण्यावर वाकलेल्या बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी. मग तो मोठा दुष्काळ पडला. जनावरांना पाला नाही, चुलीला जळण नाही. लोकांनी ओढ्यावर कुऱ्हाड घातली. त्या साली कोण कुणाला नावं ठेवणार? मामा सांगायचे, "दर फेरीला एक झाड कमी दिसायचं. लाल बावटा दावला तर गाडी थांबती, पर गावाची कुऱ्हाड कशी थांबवायची?"

पाऊस परत आला तेव्हा काठ उघडेबोडके झाले होते. त्या मोकळ्या जागेत बेशरम माजली. जांभळट फुलांचं, माणसाएवढं उंच होणारं झुडूप. जनावर त्याला तोंड लावत नाही. आमच्याकडं आधी ते कुणी फारसं पाहिलेलं नव्हतं. कुठूनसं पुराबरोबर वाहत आलं आणि ओढ्यात ठाण मांडून बसलं. पाणी तुंबलं, चिखल झाला, डास झाले, बायांना धुणं आपटायला दगड सापडेना. गावानं दोन दिवस हळहळ केली आणि मग सवय करून घेतली.

त्याच सुमाराला मामा डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. रेल्वेत गार्डाचे डोळे मधूनमधून तपासतात. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत यायची नाही आणि उरलेलीही हळूहळू जाईल, वर्ष-दोन वर्षं धरा. टेबलावर बसायचं काम मिळत होतं. मामांनी नको म्हटलं, बिऱ्हाड उचललं आणि गावात आले. का आले, ते त्यांनी माझ्या गिरणीच्या ओट्यावर बसून सरळ सांगितलं. "बोगद्यातनं बघितल्यावाणी दिसतंय बघ. मधलं तेवढं दिसतं, कडंचं समदं काळं. आन् मधलं बी आता धुरकट व्हाया लागलंय. हे भोक बुजायच्या आत मला ओढा पयल्यासारखा बघायचाय. दुसरं कायबी राह्यलेलं न्हाई." इतक्या शांतपणे माणूस स्वतःच्या डोळ्यांबद्दल बोलतो, याचा मला रागच आला. मी इंजिन चालू केलं आणि उगाच दळत बसलो.

दुसऱ्या दिवसापासून मामा घरोघर फिरायला लागले. दुष्काळी कामांची सवय लोकांच्या अंगातून अजून गेली नव्हती. पाटी उचलायची तर हजेरी लागली पाहिजे, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. "मस्टर कुठाय?" असं लोक विचारायचे. मामा म्हणायचे, "मस्टर न्हाई, मुकादम न्हाई. हाय तो फकस्त ओढा." अशा बोलीवर कोण येतंय? शिवाय शेतकऱ्याला मोकळा दिवस कुठला असतो?

तर मामांनी बरोबर मोकळा दिवस हुडकला. आमच्याकडं अमावास्येला, म्हणजे अवसेला, औत धरत नाहीत. बैल दावणीला, गडी पारावर, दिवसभर तंबाखू मळणं चाललेलं. मामांना स्वतःला अवस-बिवस काही मान्य नव्हतं. पण ते म्हणाले, "मी न्हाई मानत. तुमची बैलं मानत्यात न्हवं? मंग माझं काम झालं." लोकांनी लगेच खोडा घातला, अवसेला झाड कोण लावतं का? वाईट दिवस. मामा म्हणाले, "लावायचं कोण म्हणतंय? उपटायचं म्हणतोय. गावाची पीडा काढाया याच्यापरास चांगला दीस कुठला?" आणि लावायचं कधी, तर पुनवेला. पौर्णिमेला मामा-मामी पांढरी कापडं घालून वंदना करायची, खीर करायची. तो त्यांचा दिवस. झाडं त्या दिवशी लावायला हिंदू घरांचीही काही हरकत नव्हती. अशी रीत पडली. अवसेला उपटायचं, पुनवेला लावायचं. माझ्या गिरणीचं मात्र वाटोळं झालं. अवसेलाच बायका निवांतपणे दळणं घेऊन यायच्या आणि अवसेलाच हे महाराज येऊन इंजिन बंद करायला लावायचे.

पहिल्या अवसेला आम्ही मोजकेच होतो, तिसऱ्या अवसेला ओढ्याचा काठ भरला. याचं कारण मामांची शिस्त, असं लोक म्हणायचे. माझ्या मते कारण होतं गंमत. मामा काठावर उभे राहून शिट्टी फुंकायचे, हिरवा बावटा दाखवायचे आणि मग सगळ्यांनी ओढ्यात उतरायचं. जो उशिरा येईल त्याला उतरू द्यायचे नाहीत. "गाडी गेली. आता फुडल्या अवसेला या." आणि माणूस खरंच खाली मान घालून परत जायचा! फुकटच्या कामावरून कुणी हाकललं म्हणून वाईट वाटून घेणारं आमचं एकच गाव असेल. मलाही एकदा परत पाठवलं. गिरणीचा पट्टा तुटला होता, तो शिवून येईस्तोवर उशीर झाला. मी घरापर्यंत त्यांना शिव्या घालत गेलो आणि पुढच्या अवसेला सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो.

काम करताना मामा सगळ्यांच्या मागं. पुढं आम्ही उपटत जायचो आणि मागून ते वाकून, डोळे बारीक करून, चिखलात हात घालून राहिलेले तुकडे वेचायचे. "एक कांडं राह्यलं तरी परत गाव वसवतंय ते," म्हणायचे. उपटलेली बेशरम ओढ्यापासून लांब, वरच्या कातळावर नेऊन टाकायची, उन्हात कडकडीत वाळवायची, असा त्यांचा हुकूम. इकडं मामींनी घराच्या पडवीत डालड्याच्या डब्यांतून करंजाची, उंबराची रोपं धरली होती. भांडी विसळलेलं पाणी त्यांना. मामी बोलायला तिखट. "माझ्या पोटी लेकरू न्हाई म्हून ह्यांनी डबं आणून मांडल्यात," असं माझ्या बायकोला एकदा म्हणाल्या. पण उन्हाळ्यात दुपारी रोपांवर स्वतःचं जुनं लुगडं टांगून सावली करायच्या, तेही मी पाहिलंय.

खरी अडचण होती मेंढरांची. ओढ्याच्या काठानं आबांचा कळप चरायचा. आबांची भावकी मागल्या पिढीपर्यंत मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायची; आता गावात जमीन घेऊन राहिली होती, पण आबांनी कळप सोडला नव्हता. मामा त्यांच्या घरी गेले. मीही बरोबर होतो. आबा म्हणाले, "गार्ड, माझी मेंढरं काय रेल्वेची हायती व्हय, तुमचा बावटा बघून थांबायला?"

"तुमचं तर ऐकत्यात?" मामांनी विचारलं.

"माझं ऐकत्यात."

"मंग तुम्ही माझं ऐका."

आबा मिशीत हसले आणि सुपारी कातरायला लागले. पलीकडचा काठ चरायला खुला, अलीकडचा बंद, पाण्यावर उतरायला एक वाट मोकळी ठेवायची, असं ठरलं. आबांनी ते शेवटपर्यंत पाळलं. पण गावातल्या मोकाट शेळ्यांनी काही आबांना शब्द दिलेला नव्हता. रोपांना कुंपण पाहिजे होतं. बाभळीच्या काट्यांचं करून बघितलं, तर दोन दिवसांत काटे कुणाच्या तरी चुलीत गेले. जळणाची ओढ अजून होतीच.

आणि इथं आमची फजिती झाली. कातळावर उन्हाळाभर पडलेली बेशरमीची दांडकी वाळून पिवळी पडली होती, हातात घेतली तर कडाकडा वाजत होती. जाळावीत तर धुरानं डोळे फुटतात, म्हणून ती कुणी नेत नव्हतं. शेळी तिला तोंड लावत नाही. मामा म्हणाले, "हीच रोवा भवतीनं. मेलेली हाय." आम्हाला सगळ्यांनाच ते पटलं. फुकटचं कुंपण, चोरीची भीती नाही. जेठातल्या पुनवेला, वडाची पूजा करून आलेल्या बायका तशाच नव्या लुगड्यांनी ओढ्यावर आल्या. एकेक रोप खड्ड्यात बसवलं आणि प्रत्येकाभोवती ती दांडकी गच्च ठोकली. काठभर एका ओळीत अशी कुंपणं उभी राहिली. मामांनी मामींचा हात धरून ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालून बघितली.

पाऊस चांगला झाला. आखाडातच एके दिवशी मामा गिरणीत आले ते हसतच. मला म्हणाले, "बंद कर ते आधी. चल." ओढ्याच्या वरच्या बांधावर त्यांनी मला उभं केलं. "बघ. हिरवं दिसतंय. वळीनं हिरवं दिसतंय. माझ्या ह्या असल्या डोळ्याला दिसतंय, तर तुला किती दिसत आसंल." मी बघितलं. आमची करंजं वीतभर होती, गवतात शोधावी लागली असती. हिरवं दिसत होतं ते कुंपण. मेलेल्या दांडक्यांना गाठीगाठीवर धुमारे फुटले होते आणि काठभर बेशरम पानापानानं डोलत होती. सबंध उन्हाळा उन्हात पोळून तिला काही म्हणता काही झालेलं नव्हतं. मी म्हणालो, "व्हय मामा, चांगलं हिरवं हाय." दुसरं काय म्हणणार होतो?

मामांनी मग गावातल्या एकेकाला आणून ते हिरवं दाखवलं. प्रत्येकानं बघितलं, प्रत्येकाला कळलं आणि प्रत्येकजण 'व्हय, व्हय' म्हणून घरी गेला. आबांना आणलं तेव्हा आबा आभाळाकडं बघायला लागले आणि पावसाचं काहीतरी बोलले. असे पंधरा-वीस दिवस गेले असतील. इतके खूश मामा मी कधी पाहिले नव्हते. रस्त्यानं जाताना मागं वळून बघायचं सुद्धा विसरायचे.

शेवटी मामी गिरणीत आल्या. दळण नव्हतं आणलेलं. म्हणाल्या, "तुम्ही समदी गप बसलाय. रोज सांजच्याला येऊन मला हिरव्याचं सांगत्यात. मी किती दिस हुं हुं करू? डोळं जायचं ते जाऊ द्या, पर त्यास्नी येड्यात काढल्यावाणी हुतंय हे. चला माझ्यासंगं." मी नको नको म्हणत असताना मला ओढून नेलं. मामा बांधावरच होते. मामींनी खाली उतरून कुंपणाचं एक दांडकं मोडून आणलं आणि मामांच्या तळहातावर धरलं. मोडलेल्या जागेतून पांढरा चीक गळत होता. मामांनी बोट लावलं. चिकट लागलं. मग पान चाचपलं, नाकाशी नेलं.

"बेशरम हाय," ते म्हणाले.

"व्हय."

"समदी?"

"समदी. कुपान फुटलंय. आपली झाडं आत हायती, वीतभर."

मामांनी दांडकं हातातच ठेवलं. म्हणाले, "तुला कवा कळलं?"

"पयल्याच दिशी."

"मंग गप का ऱ्हायलीस?"

"तुम्ही हसत हुता म्हून," मामी म्हणाल्या, आणि ही तिखट बाई पदर तोंडाला लावून तिथंच बसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही. बघणारं कोण होतं?

त्या संध्याकाळी पारावर सगळे जमले. गावाचं म्हणणं एकच पडलं. राहू द्या यंदा. डॉक्टरनं सांगितलेली मुदत सरत आलेली. करंज वर यायला अजून चार-पाच वर्षं जाणार, तोवर मामांची नजर राहणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मग निदान हे हिरवं तरी दिसू दे. नजर गेली की मागाहून उपटू. मीही तेच म्हणालो आणि मोठ्यानं म्हणालो. आबा म्हणाले, "गार्ड, डोळ्याला गार वाटतंय न्हवं? मंग काय बिघडलं?"

मामा म्हणाले, "आबा, निस्तं हिरवंच बघायचं आसतं तर मी घरात बावटा टांगून बसलो आसतो. मला ओढा बघायचाय." मग त्यांनी सरळ हिशेब मांडला. आत्ता बेशरमीची मुळं वर आहेत, उपटली तर आतलं रोप वाचेल. पुढच्या साली दोघांची मुळं एकमेकांत गेलेली असतील. एक ओढलं की दुसरं हातात येणार. "तवा अवसेला या," ते म्हणाले, "आन् टायमावर या."

अवसेला सगळे आले. टायमावर आले. मामांनी शिट्टी फुंकली, बावटा दाखवला आणि कुणीही उतरलं नाही. ठरवून केलेलं नव्हतं, देवाशपथ सांगतो. कुणाचे पायच उचलेनात. त्या माणसाला दिसणारी तेवढी एकच गोष्ट आपल्या हातानं कशी उपटायची? सगळे काठावर बसून राहिले. मामा थोडा वेळ थांबले. रागावले नाहीत. "बरं," म्हणाले, बावटा गुंडाळून पिशवीत घातला आणि एकटेच खाली उतरले. गुडघ्यावर बसून चाचपत चाचपत पहिलं दांडकं धरलं. आतलं रोप कुठं आहे ते दुसऱ्या हातानं जपलं आणि दांडकं उपटून बाजूला ठेवलं. मग दुसरं. मामी त्यांच्या मागं उतरल्या. मग आबांनी काठी टाकली आणि उतरले. त्यांनी आयुष्यात खुरपं धरलेलं आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं. मग मी उतरलो. मला मामांचा भयंकर राग आला होता. इतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, असं पुटपुटत मी उपटत होतो आणि शेजारचा नाक ओढत होता.

ऊन उतरेपर्यंत काठ पुन्हा उघडा पडला. नुसती तांबडी-काळी माती, आणि जवळ जाऊन बघितलं तर त्यात वीतवीतभर रोपं. मामा बांधावर चढले. मान थोडी तिरकी करून, आपल्या त्या उरलेल्या भोकातून, त्यांनी ओढा या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू बघून घेतला. बराच वेळ लागला त्यांना. काय दिसलं असेल कुणास ठाऊक. मी विचारलं नाही.

दिवाळी झाली आणि त्यांचे डोळे पुरते गेले. म्हणजे ओढा म्हणून त्यांनी शेवटचं जे पाहिलं ते हेच, उपटून मोकळी केलेली माती. मला हे अजून लागतं. लोक म्हणतात, त्यांना समाधान होतं. असेल. मला नव्हतं.

पुढची वर्षं अवस-पुनव चालूच राहिली. कुंपण आता चिलारीच्या काट्यांचं. ते काटे इतके वाकडे की चोरसुद्धा हात लावायला बिचकायचा. मामींच्या खांद्यावर हात ठेवून मामा यायचे आणि एकेका झाडाचा शेंडा हातानं बघायचे. आधी वाकून बघायचे, मग कमरेशी हात धरून, मग हात वर करून. एका पुनवेला त्यांनी टाचा उंचावल्या तरी शेंडा हाताला लागेना. "पोचत न्हाई गं," म्हणाले. मामींनी त्या दिवशी सगळ्यांना गुळाचा खडा वाटला. त्याच पावसाळ्यात काठाला आपोआप उगवून वाढलेल्या बाभळीवर सुगरणीनं पहिलं घरटं विणलं. ते मी त्यांना सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाभळीखाली कान लावून बसले होते.

मामा गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो आणि थांबतो. करंज फुलला होता. त्याची फुलं बारीक, फिकट जांभळी. दिवसभर टपटप गळत असतात. मामा खाली घोंगडीवर बसले होते, खांद्यावर, टोपीवर फुलं पडलेली. मी शेजारी. आबांच्या नातवाचं नुकतंच लग्न झालं होतं, नातसून आणली होती शिरूरकडची, कवठे येमाईची. ती पोर गोधड्यांचं ओझं घेऊन ओढ्यावर आली. मोठं माणूस बसलंय बघून पदर सावरला आणि विचारलं, "मामा, हितं सावलीला बसू का वाईच?"

"बस की," मामा म्हणाले.

ती बसली, घाम पुसला, वर बघितलं. म्हणाली, "बरं हाय बाई तुमच्या गावाला. आमच्याकडचा वढा निस्ता बोडका. तुमच्याकडं मातर पयल्यापासनंच झाडी हाय."

माझं तोंड उघडलं. अवस, पुनव, डालड्याचे डबे, तळहातावरचा चीक, सगळं एकदम ओठांवर आलं. या पोरीला आता सगळं सांगायचंच, असं मनात म्हणून मी तिच्याकडं वळलो. तेवढ्यात मामांचा हात चाचपत आला आणि माझ्या गुडघ्यावर बसला. चांगला दाबला त्यांनी गुडघा.

"व्हय पोरी," मामा म्हणाले, "पयल्यापासनंच हाय."